कृष्णा हीस, मामाकडून

परवा दुपारी माळ्यावरून पितळी डबा काढला, मोडीत घालायला. वजन चांगलं येईल म्हणून चिंच लावून घासत बसले, तर झाकणावर टिंबाटिंबांची अक्षरं उजळली : 'चि. सौ. कां. कृष्णा हीस मामाकडून. १९५७.'

आमच्याकडे कृष्णा कोण? आईला हाक मारली. "अगं, आजीच की!" ती म्हणाली आणि पुन्हा आडवी झाली.

आजी तर गौरी. रेशनकार्डावर, सत्यनारायणाच्या संकल्पात, सगळीकडे गौरी. पण हात चिंचेत तसेच राहिले आणि भाऊबीज आठवली. आजीचा भाऊ वाईहून यायचा. पायरीवर चपला काढतानाच ओरडायचा, "कृष्णे!" मला वाटायचं, म्हातारा देवाचं नाव घेत घरात शिरतो. आजी पदराला हात पुसत धावायची, तेही मला भक्तीतच जमा वाटायचं.

वाईत नदीला नुसती नदी कुणी म्हणत नाही. ती कृष्णाबाई. थंडी सरता सरता एकेका घाटावर तिचा उत्सव बसतो, मूर्ती मांडतात, बायका ओटी भरतात. आजी त्याच दिवसांत जन्मलेली. नाव शोधायला कुणी डोकं खाजवलं नसणार.

कृष्णा म्हणजे काळीसावळी. द्रौपदीचंही हे नाव, तेही रंगावरूनच. आजीही चांगली सावळी होती. सासरच्यांनी तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलं 'गौरी', म्हणजे गोरी! शंकराने काळी म्हणून चिडवल्यावर पार्वतीला गौरी व्हायला केवढं तप करावं लागलं. आमच्याकडे शेरभर तांदळात भागलं.

हल्ली कृष्णा म्हटलं की लोकांना मुलगाच वाटतो. इंग्रजी स्पेलिंगने देवाला एक काना फुकट दिला आणि मालिकांतली माणसं सरळ 'कृष्णा आला, कृष्णा गेला' म्हणतात. हाक मारताना म्हणा की! एरवी तो काना बाईचा आहे. यावर मी पाहुण्यांशीही भांडले आहे. एकदा एका काकांनी शांतपणे पुराणातली गोष्ट सांगितली : सावित्रीच्या शापाने देवांच्या नद्या झाल्या, विष्णूची कृष्णा झाली, शंकराची वेण्णा. म्हणजे मुळात तोच ती. मी चहा आणायला आत गेले.

भाऊ गेल्यावर आजी अकरा वर्षं होती. माहुलीला वेण्णा मिळते, कऱ्हाडला कोयना मिळते, पण समुद्रापर्यंत नाव कृष्णेचंच राहतं. आजीला त्या अकरा वर्षांत त्या नावाने कुणी हाक मारली नाही. मीही नाही.

मोडवाल्याला गळका बंब दिला. डब्यात पोहे भरलेत.