ट्रंकेतलं पिस्तूल: तीन रविवारांची खटपट

माझा मूळ नाद जुन्या कुलपांचा, बंदुकांमधलं जे काय कळतं ते वाचून आणि म्युझियममधे काचेला नाक लावून बघून कळलेलं, त्यामुळे कुठे चुकत असेन तर जाणकारांनी कान धरावा.

सदाशिव पेठेतला एक वाडा रिडेव्हलपमेंटला गेला, त्यातलं सामान जुन्या बाजारात आलं होतं. एका पत्र्याच्या ट्रंकेला लटकलेलं पितळी कुलूप आवडलं आणि विकणारा नुसतं कुलूप देईना, म्हणून घासाघीस करून अख्खी ट्रंक बाराशेला उचलली. घरी आणून कुलूप उघडेपर्यंत अर्धा तास गेला, आत जुनी पंचांगं, एक फुटकं तबक, आणि सगळ्यात खाली धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं हे धूड.

पहिलं काम म्हणजे हात न लावता पोलीस चौकीत फोन. ठासणीचं आहे, दोनशे वर्षांचं आहे, म्हणजे अँटिक, असं आपलं आपणच ठरवून शोकेसमधे ठेवायचं नसतं हो. १९५९ च्या शस्त्र कायद्यात जुनाट आणि दुरुस्त करूनही उडणार नाही अशा हत्याराला सूट आहे, पण ते तसं आहे की नाही हे ठरवणारे आपण नाही. त्यामुळे वस्तू आता ठाण्यात आहे आणि माझा अभ्यास चालू आहे तो तिथल्या हवालदार साहेबांच्या टेबलावर, दर रविवारी मिळेल तेवढा वेळ.

रविवार पहिला. आधी भरलेलं आहे का ते बघितलं. नळीचं तोंड भिंतीकडे ठेवून बांबूची बारीक काडी अलगद आत सोडली, अडली तिथे नखाने खूण केली, मग तीच काडी बाहेरून नळीवर धरली. खूण बरोबर कानाशी (नळीच्या मागच्या टोकाला ठिणगी आत जायचं भोक) आली, म्हणजे आत दारू-गोळी नाही. काडी कानाच्या दोन-तीन सेंटीमीटर आधीच अडली असती तर मी तिथून उठलोच असतो. आणि कानात बघतो तर पितळेची मेख ठोकून तो बंद केलेला. मेख मारून ठेवणे हा वाक्प्रचार आपण रोज वापरतो, शत्रूच्या तोफेच्या कानात मेख ठोकून ती निकामी करायचे हे वाचलेलं पण होतं, प्रत्यक्ष मारलेली मेख पहिल्यांदाच बघितली.

मग खुणा. घोडा चकमकीचा, हंसाच्या मानेसारखा वाकडा, ठिणगी पाडणारा गारेचा दगड गायब. घोड्याच्या पुढे लॉकच्या (घोडा जिच्यावर बसतो त्या यंत्रणेच्या) पट्टीवर गंजाखाली काहीतरी पत्त्यांतल्या बदामासारखं. इथे मोह आवरा, घासू नका! पितांबरी लावून चकाचक केलेल्या वस्तू बघितल्या की मला रडू येतं, अक्षरंच पुसली जातात. मी बटर पेपर ठेवून मऊ पेन्सिल आडवी फिरवली आणि मोबाईलचा टॉर्च अगदी पट्टीला समांतर धरून फोटो काढले. बदाम उमटला, आत फुली, चार घरांत व्ही, ई, आय, सी आणि डोक्यावर चारच्या आकड्यासारखी खूण. तराजूची नाणी जमवणाऱ्यांनी एव्हाना ओळखलं असेल, मुंबई इलाख्यासाठी बर्मिंगहमच्या सोहो टांकसाळीत पाडलेल्या १७९१ च्या तांब्याच्या पैशावर एका बाजूला तराजू आणि दुसऱ्या बाजूला हाच बदाम असतो. ईस्ट इंडिया कंपनीचा शिक्का, आणि तो व्ही म्हणजे यू, युनायटेडमधला.

कंपनीच्या हत्यारांवर बदाम साधारण १८०८ पर्यंत, नंतर त्या जागी मुकुट धरलेला सिंह. त्यामुळे कोणी बदाम आणि खाली १८१८ असं काही विकायला आणलं तर लांबूनच नमस्कार करा, शोभेच्या नकलांमधे असले घोळ असतात, अक्षरं उलटीपालटी असतात, पट्टी ओतीव आणि खरबरीत असते. माझ्या पट्टीच्या शेपटीवर १७९ एवढं वाचता येतं, शेवटचा आकडा गंजाने खाल्ला, बनवणाऱ्याच्या नावाचीही दोनच अक्षरं शिल्लक. घोड्याचा आकार पण जुळतो, मधे भोक असलेला जाडजूड घोडा इंग्रज १८०९ पासून बसवायला लागले.

त्या रात्री मी खुशीत जाहीर करून टाकलं की हे कंपनीच्या घोडेस्वाराचं पिस्तूल. दोन मित्रांनी तर ते थेट असईच्या लढाईत नेऊन ठेवलं, तिसरा म्हणे खडकी. पुण्यात काहीही सापडलं की ते पेशवाईतलंच, हा आपला जुना रोग.

रविवार दुसरा, आणि पोपट. व्हर्नियर घेऊन गेलो. पहिल्या वेळी फूटपट्टीने नळीचा व्यास सतरा-अठरा मिलिमीटर वाटला होता कारण तोंडाशी कड आत वळलेली आहे, जरा आत मोजलं तर १९.३. घोडेस्वारांच्या पिस्तुलाची नळी साधारण साडेसोळा मिलिमीटरची, पाऊण इंच म्हणजे एकोणीसच्या आसपास असते ती पायदळाच्या मस्केटची, म्हणजे लांब ठासणीच्या बंदुकीची. लॉकची पट्टी मोजली तर १७ सेंटीमीटर, पिस्तुलाची यापेक्षा चांगलीच आखूड असते. म्हणूनच हे हातात घेतलं की बेढब वाटत होतं, एकूण लांबी ४१ सेंटीमीटर आणि त्यातलं लॉकच एवढं मोठं, लहान मुलाने बापाचा बूट घातल्यासारखं.

म्हणजे हे पिस्तूल नाहीच. कंपनीची मस्केट, ३९ इंच नळीची, जो नमुना पुढे १७९७ मधे खुद्द ब्रिटिश फौजेनेही उचलला, ती कोणीतरी कापून आखूड केलीय!

रविवार तिसरा फक्त हे पक्कं करण्यात गेला. भिंगाखाली नळीच्या तोंडावर कानशीचे तिरके ओरखडे आहेत, पण त्यावरचा गंज बाकी नळीसारखाच तपकिरी आणि एकजीव, म्हणजे काप जुना, बाजारात किंमत वाढवायला परवा केलेला नाही. माशी (नेम धरायचा नळीच्या तोंडाजवळचा उंचवटा) नाही, ती कापलेल्या भागाबरोबर गेली असणार. गज (दारू-गोळी ठासायची सळई) नाही, पण गजाची खोबण आहे, त्यात काडी घातली तर ती दस्त्याकडे कुठच्या कुठे आत जाते, एवढ्याशा नळीला एवढा लांब गज कशाला लागतोय? दस्त्याच्या टोकाला पितळी टोपी नाही, लाकूड नुसतं तासून गोल केलंय आणि अंगठा जिथे बसतो तिथे हाताने झिजून गुळगुळीत झालंय. मला त्यात सगळ्यात जास्त आवडलं ते हेच. कोणीतरी हे बरीच वर्षं वापरलंय.

लॉकच्या आतल्या बाजूला अजून शिक्के असू शकतात, त्यासाठी दोन स्क्रू काढावे लागतील, आणि लेखी परवानगी येईपर्यंत मी स्क्रूड्रायव्हर घरीच ठेवतोय. कोणाकडे १७९० च्या दशकातल्या कंपनीच्या लॉकच्या शेपटीचे जवळून काढलेले फोटो असतील तर पाठवा, नाव जुळवून बघायचंय.

निघताना हवालदार साहेबांना सगळं समजावून सांगितलं, त्यांनी शांतपणे ऐकलं, चहा मागवला, मग म्हणाले, "अहो सर, पण मी पंचनाम्यात 'जुने पिस्तूल, नग एक' लिहिलंय, सह्या पण झाल्यात. आता ते पिस्तूलच."