झांबेझी, ओकावांगो आणि चोबेच्या काठचे हत्ती

आफ्रिकेच्या दक्षिण भागात वन्यजीव आणि नद्या दोन्ही पाहायच्या असतील, तर तिकिटे काढण्याआधी पाण्याचा हंगाम पाहावा, असे माझे ठाम मत आहे. मुलांच्या सुट्टीमुळे आपल्याकडची कुटुंबे मे महिना धरून बसतात. मात्र तेव्हा झांबेझी नदीवरच्या व्हिक्टोरिया धबधब्याला इतके पाणी असते की तुषारांत समोरचा कडाही नीट दिसत नाही, आणि खालच्या बाटोका घळईतील राफ्टिंगवर मर्यादा येतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये राफ्टिंग उत्तम होते, पण झांबियाच्या बाजूचा कडा बराचसा कोरडा पडलेला असतो. आम्ही ऑगस्ट निवडला तो ओकावांगो नदीसाठी. अंगोलाच्या पठारावर जानेवारी-फेब्रुवारीत पडलेले पावसाचे पाणी बोत्स्वानातील तिच्या त्रिभुज प्रदेशात पोहोचायला काही महिने लागतात, त्यामुळे तिथे पूर येतो तो ऐन कोरड्या हिवाळ्यात.

धबधबा, राफ्टिंग आणि ओकावांगोतील मोकोरो या अरुंद डोंगीची सफर, सगळे मनासारखे झाले. मनात घर केले ते मात्र बोत्स्वानातल्याच चोबे नदीने.

तिच्या काठच्या कासाने गावाहून दुपारी होडीने निघालो. ज्याच्या मालकीचा बोत्स्वाना-नामिबिया वाद १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात बोत्स्वानाच्या बाजूने सुटला, त्या सेदुदू बेटाकडे हत्तींचा एक कळप निघाला होता. एक थोराड मादी पुढे झाली. काठावर बिचकलेल्या पिल्लाला दोघींनी मधे घेतले आणि भर पात्रात त्याच्या सोंडेचे टोक तेवढे पाण्यावर दिसू लागले. तेवढ्यात पर्यटकांनी खचाखच भरलेल्या दोन मोठ्या होड्या इंजिनाचा आवाज करीत थेट त्यांच्या वाटेत आल्या. पुढची मादी थबकली, कान फैलावून वळली, आणि पिल्लू प्रवाहाबरोबर थोडे खाली वाहत गेले. आमच्या वाटाड्याने इंजिन केव्हाच बंद केले होते. "त्यांना वाट मोकळी लागते," एवढेच तो म्हणाला. अखेर कळप पलीकडे चढला. भिजलेली अंगे काळीभोर आणि पाठीवर तेवढा कोरडा राखाडी पट्टा. पिल्लू सुखरूप होते, तरी माझा संताप ओसरला नाही.

म्हणून होडी ठरवताना तीत किती माणसे बसवतात आणि प्राण्यांपासून किती अंतर राखतात, हे आधी स्पष्ट विचारून घ्या. लहान होडीचे भाडे जास्त पडते. हवे तर सहलीचा एक मुक्काम कमी करा, पण तीच घ्या.