पाठकोरं

ज्या कागदाची पाठ कोरी आहे, तो माझ्या हातून केराच्या टोपलीपर्यंत पोचत नाही. गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी पाण्याच्या टाकीच्या सफाईची नोटीस अशीच घडी घालून ड्रॉवरमध्ये सारत होते, तेवढ्यात भाची आली. तिला लेखिका व्हायचंय. व्हायचंय म्हणजे ठरलेलंच आहे, लिहिणं तेवढं बाकी. अप्पा बळवंत चौकातून घेतलेली डायरी बरोबर होती. कापडी बांधणी, आत रेशमी फीत, पहिल्या पानावर नाव, दुसऱ्यावर 'श्री'. तिसऱ्यापासून पुढे शुकशुकाट.

"मावशी, तू रोज लिही म्हणतेस खरं, पण रोज काय लिहायचं गं?"

मी डायरी चाळली. प्रत्येक पानाच्या तळाशी एक सुविचार. ह्या सुविचारांवर माझा जुना राग आहे. माणूस अजून पेनाचं टोपण काढतोय, तोवर खाली कुणीतरी जगण्याचं सार सांगून मोकळा! आता त्याच्या डोक्यावर 'आज भेंडी जून निघाली' असं लिहायची कुणाची छाती होईल? आणि भेंडीपासून सुरुवात करायची नाही, तर मग कशापासून करायची?

माझे आजोबा जन्मभर पाठकोऱ्यावर लिहीत आले. एका छापखान्यात मुद्रितं तपासायचे. तेव्हा शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून मजकुराचा लांब साचा, म्हणजे गॅली, तयार झाली की तिच्यावर शाईचा रूळ फिरवून एका लांबट, अरुंद पट्टीवर प्रूफ काढत. दुरुस्त्या झाल्या की ती पट्टी छापखान्याच्या दृष्टीनं मेली. संध्याकाळी आजोबांच्या कोटाच्या खिशातून अशा पट्ट्यांची गुंडाळी निघायची. पुढचा मजकूर मागे उलटा उमटलेला असे, कधी पंचांगाचा, कधी शाळेच्या व्याकरणाचा. लग्नपत्रिका, औषधांच्या पावत्या, काहीही चाले. पुढे दिनदर्शिकांच्या मागच्या बाजूला पाककृती छापायला लागले, तेव्हा आजोबा खरोखर हळहळले होते. "वर्षाची बारा चांगली पानं गेली," म्हणाले.

जेवणं झाली की माजघरात दिव्याखाली पाटावर बसायचे, मांडीवर फळी. मी शेजारी, झोपायचं टाळत. त्यांचा हात मोडीवर बसलेला. मोडी लिहिणारा आधी कागदाच्या ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवी रेघ ओढून घेतो आणि मग तिला अक्षरं टांगत जातो, होता होईल तो हात न उचलता. शब्दाशब्दांत जागा नाही, विरामचिन्हं नाहीत. थांबायचं ते बोरू शाईत बुडवायला. आजोबा ह्या पट्ट्यांवर लिहायचे बाळबोध, म्हणजे साधी देवनागरी, पण रेघेची सवय काही सुटली नाही. काय लिहायचं ते ठरायच्या आधी पट्टीवर सर्रकन रेघ. टाकाचं टोक कागदाला खरवडायचं, तो आवाज मला अजून काढून दाखवता येतो. एकदा रेघ ओढली की मग काहीतरी टांगणं आलंच. अंगणात दोरी बांधून झाल्यावर कपडे धुवावेच लागतात, तसं.

टांगलेलं काय असे? दूध किती घेतलं, छत्री कुणी उसनी नेली, पाऊस. ह्यातल्या काही पट्ट्या माझ्याकडे आहेत. एक १९६१ सालची, बुधवार, १२ जुलै. त्या दिवशी पानशेतचं धरण फुटलं, मागोमाग खडकवासल्याचं गेलं आणि मुठेनं नदीकाठच्या पेठा धुऊन नेल्या. आमचा पुण्यातला वाडा सदाशिव पेठेत, जरा चढावर, म्हणून वाचला. आजोबांनी लिहिलंय: 'धरण फुटल्याची बोंब. अफवा समजून कामास निघालो. अफवा नव्हती. रात्री नारायणातले सातजण मुक्कामास. पिठले-भात.' दुसऱ्या दिवशी: 'दूध नाही. दिवे नाहीत. विहिरीस रांग.' आणि त्यानंतर एका दिवशी नुसतंच: 'चपला सापडल्या.'

कुणाच्या चपला, कुठे सापडल्या, माणूस सापडलं का, काही नाही. पानशेतच्या पुराबद्दल मी पुष्कळ वाचलंय, ऐकलंय त्याहून जास्त. ह्या दोन शब्दांशी येऊन मात्र दरवेळी अडते. आजोबांनी त्या दिवशी मुद्दाम पुरावर लिहायला घेतलं असतं, तर खात्रीनं मुठामाईचं रौद्र रूप वगैरे अवतरलं असतं. त्यांना तशी हौस होती. रोजची रेघ ओढलेली होती, म्हणून चपला आल्या.

भाचीनं हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण हे साहित्य नाही ना!"

नाही तर नाही. पेशव्यांच्या कारकुनांनी तरी रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, कुठे साहित्य म्हणून लिहिली होती? आपल्या पुण्यातल्या पेशवे दफ्तरात मोडीतले कोट्यवधी कागद रुमालांत बांधून ठेवलेत आणि ते वाचण्यात लोकांनी आयुष्यं घातलीत. 'आज काही सुचले नाही' ही सबब सरकारवाड्यात चालली नसती. समर्थांनी दासबोधात लेखनक्रियेवर अख्खा समास घातलाय. बोरू, शाई, वाटोळं मोकळं अक्षर, सरळ ओळी, सगळं आहे. स्फूर्ती कुठून आणावी, ही उठाठेव नाही.

"मग वेळ कुठली धरू? पहाटेची?"

पहाटे उठून लिहिणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, विश्वास नाही. मी तिला म्हटलं, घड्याळाच्या मागे लागू नकोस, लिहिणं एखाद्या कामाच्या मागे लाव. चहाचं आधण ठेवलंस की रेघ ओढ. चहा गाळेपर्यंत होईल तेवढं लिहायचं, मग वाक्य अर्धं राहिलं तरी उठायचं. अर्धं राहिलेलं बरंच असतं, दुसऱ्या दिवशी निदान कुठून सुरू करायचं ते कळतं. आणि लिहिलेलं लगेच वाचू नकोस, हा पावसाळा जाऊ दे. डायरी मात्र ठेवून दे, कुणाच्या तरी वाढदिवसाला उपयोगी पडेल. पाठकोऱ्यावर लिही. बिघडलं तर काय बिघडलं? पुढची बाजू आधीच वाया गेलेली असते.

डायरी ठेवून द्यायची म्हटल्यावर तिचा चेहरा पडला. महाग होती म्हणे.

हल्ली ती लिहिते. काय लिहिते ते मी विचारत नाही. आजोबांनाही कुणी विचारत नसे. तिच्या आईची तक्रार आहे की घरात चहा रोज उकळून कडू होतो. मध्यंतरी फोन आला. "मावशी, कापडाच्या दुकानातली ती मोठी पिशवी भरली गं. एवढं सगळं जपून ठेवायचं का?"

रद्दीवाला येईल तेव्हा वजन करून घे म्हटलं, मग ठरवू.