सुरिन बेटांवर तंबूतल्या चार रात्री : आखणीचा अनुभव

आमच्या आखणीतली पहिली चूक महिन्याची होती. लेकीची सातवीची परीक्षा आटोपली की मेच्या अखेरीस कुठल्या तरी बेटावर, अगदी वाळूला लागून, तंबूत राहायचे असे ठरले आणि मी मुंबई-फुकेट विमानाचे दर पाहायला बसले. ते इतके उतरलेले होते की त्याच रात्री तिकिटे काढायचा मोह झाला. दर एवढे का उतरले, हा प्रश्न सुदैवाने नवऱ्याने विचारला. उत्तर सोपे होते आणि मालवणला चार वेळा जाऊन आलेल्या माणसाला ते सुचायला हवे होते. पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या ज्या कारणाने बंद असतात, त्याच नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे थायलंडचा पश्चिम किनाराही खवळलेला असतो, आणि आम्ही निवडलेले सुरिन राष्ट्रीय उद्यान मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत प्रवाशांसाठी बंदच असते.

सुरिनच का, तर त्याचे कारण पूर्णपणे आर्थिक होते. फुकेटच्या किनाऱ्यावरच्या खोल्यांचे दर पाहून मी वही मिटली होती. ही बेटे फांग-न्गा प्रांताच्या किनाऱ्यापासून सुमारे ६० किलोमीटरवर अंदमान समुद्रात आहेत, १९८१ पासून त्यांना राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा आहे आणि तिथे खासगी हॉटेल एकही नाही. मुक्कामासाठी उद्यानाचे मोजके बंगले आहेत, नाहीतर तंबू. म्हणजे तंबू ही तिथे हौशी माणसाची तऱ्हा नसून राहण्याची नेहमीची सोय आहे आणि तिच्यासाठी स्वच्छतागृहे, गोड्या पाण्याची न्हाणीघरे आणि एक भोजनालय आधीपासून उभे आहे. कुठल्याही रिकाम्या किनाऱ्यावर बेकायदा तंबू ठोकून रात्रभर धास्तीत झोपण्याची मला हौस नव्हती.

मग आम्ही डिसेंबर धरला. नाताळच्या सुट्टीत जाणे शाळेच्या दृष्टीने सोयीचे होते, पण नववर्षाच्या आसपास आणि ५ डिसेंबरच्या थाई सुट्टीला जोडून आलेल्या दिवसांत तिथे थाई कुटुंबांचीच इतकी गर्दी होते की तंबूंची दाटी होऊन बसते. म्हणून या दोन्हींच्या मधला आठवडा निवडला आणि लेकीच्या वर्गशिक्षिकांना रीतसर अर्ज दिला. विमानाच्या तिकिटात माणशी साडेचार हजारांचा फरक पडला तो एवढ्या एका अर्जाने.

तारखा ठरल्यावर जे शिकले ते असे की, या सहलीची आखणी बोटीपासून उलटी करत यावी लागते. खुराबुरी या गावाजवळच्या धक्क्यावरून स्पीडबोट सकाळी नऊच्या सुमारास सुटते आणि सव्वा तासात बेटावर पोचते. ती चुकली तर दिवस गेला. खुराबुरी हे हमरस्त्यावरचे छोटे गाव आहे. फुकेटहून रानोंगकडे जाणाऱ्या बसने तिथे पोचायला चारेक तास लागतात. म्हणजे आदली रात्र खुराबुरीत काढणे भाग, त्यासाठी दुपारची बस गाठणे भाग, आणि त्यासाठी फुकेटला सकाळी उतरणारे विमानच घेणे भाग. रात्री उतरणारे विमान माणशी बाराशे रुपयांनी स्वस्त होते, पण त्यापायी फुकेटमध्ये एक जादा मुक्काम पडून वाचवलेले सगळे पैसे तिथेच गेले असते. परतीचेही तसेच. बेटावरून बोट दुपारी निघते, म्हणून त्याच रात्रीचे विमान पकडण्याचा धोका न पत्करता मी खुराबुरीत आणखी एक रात्र धरली.

सर्वांत मोठा वाद तंबूवरून झाला. नवऱ्याने चार माणसांचा तंबू मागवून दिवाणखान्यात उभारूनही दाखवला होता. तो गुंडाळून वजनकाट्यावर ठेवला तेव्हा सहा किलो भरला, आणि त्यात अंथरूण-पांघरूण धरले तर सामानाचे जादा शुल्क जाता-येता द्यावे लागणार होते. बेटावर उद्यानाचा उभारलेला तंबू आम्हाला रात्रीला ३०० बाथला आणि गादी-उशी-झोपपिशवीचा संच माणशी ६० बाथला मिळत होता. त्या वेळी बाथ पावणेतीन रुपयांच्या थोडा वर होता. चार रात्रींचे मिळून साडेपाच हजार रुपयांच्या आत भागत असताना नऊ हजारांचा तंबू विमानातून नेण्यात काय हशील होते? तंबू परत गेला. आम्ही फक्त सुती चादरी, सुतळी, एक हलकी ताडपत्री आणि कपाळाला बांधायचे तीन दिवे नेले, आणि त्यांतली ताडपत्री दुसऱ्याच रात्रीच्या पावसात कामी आली.

कागदपत्रांचे काम थोडे होते, पण फसगत होता होता वाचली. आम्ही गेलो तेव्हा भारतीय पासपोर्टला थायलंडसाठी व्हिसा लागत नव्हता. मात्र १ मे २०२५ पासून आगमनाचा डिजिटल अर्ज सक्तीचा झाला आहे आणि तो पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरावा लागतो. हा अर्ज पूर्णपणे मोफत आहे. मी शोधून उघडलेल्या पहिल्याच संकेतस्थळाने थाई राजचिन्हासारखे काहीतरी दाखवत, सगळी माहिती भरून झाल्यावर, माणशी काही डॉलर मागितले. बँकेत नोकरी करूनही मी कार्डाचा क्रमांक अर्धा टाकला होता, हे इथे कबूल करते.

रोख रकमेचा अंदाज मात्र नीट बांधला होता. बेटावर एटीएम नाही, आणि परदेशी कार्डावर थाई एटीएम दर खेपेस २०० बाथहून अधिक शुल्क घेते, म्हणून लागेल ती सगळी रक्कम एकदाच काढून तीन पाकिटांत विभागली. उद्यानाचे प्रवेशशुल्क परदेशी प्रौढाला ५०० आणि मुलाला ३०० बाथ, म्हणजे तिघांचे १,३०० बाथ पडले.

जेवणाची चिंता नवऱ्यापुरती होती, कारण तो शाकाहारी आहे आणि थाई स्वयंपाकात भाजीलाही माशाचा रस्सा नाहीतर कोळंबीची चटणी लागलेली असते. ‘जे’ या थाई शब्दात मांस, मासे, अंडी सगळेच वर्ज्य असते. तो शब्द थाई लिपीत मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद आम्ही जवळ ठेवला. भोजनालयातल्या बाईंनी तो वाचून कोबी-गाजर परतून दिले, पण रोज तेच. खरा आधार ठरले ते घरचे मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि तुपाची छोटी बाटली. वाफाळता भात तिथे कधीही मिळतो, आणि त्यावर मेतकूट-तूप घालून समुद्राकडे तोंड करून जेवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मुक्कामाला आम्ही माई न्गाम हा किनारा निवडला. उद्यानाचे कार्यालय चोंग खात या दोन बेटांमधल्या चिंचोळ्या खाडीच्या काठी आहे आणि तंबू तिथेही आहेत, पण माई न्गामला झाडी दाट आणि सावली अधिक. ओहोटीला मात्र तिथले पाणी दूरवर ओसरते आणि उघड्या पडलेल्या प्रवाळाच्या सपाटीवर पाय ठेवण्यात अर्थ नसतो, त्यामुळे पोहण्याच्या वेळा भरतीच्या तक्त्यावरून ठरवाव्या लागल्या. प्रवाळ पाहायला नेणाऱ्या लांब शेपटीच्या होड्या दिवसातून दोनदा निघतात. थाई सागरी उद्यानांत ऑक्सिबेन्झोनसारखी द्रव्ये असलेले सनस्क्रीन २०२१ पासून निषिद्ध आहे. आमच्या दोन्ही बाटल्यांवर नेमके तेच नाव निघाल्याने त्या घरीच राहिल्या आणि आम्ही पूर्ण बाह्यांचे कपडे घालून पाण्यात उतरलो, जे स्वस्तही पडले. आमच्या होडीचा नावाडी मोकेन होता. समुद्रावर जगणाऱ्या या लोकांचे गाव दक्षिण बेटावर आहे. २००४ च्या त्सुनामीत समुद्र अचानक मागे सरल्याचा अर्थ त्यांच्या वडीलधाऱ्यांनी ओळखला आणि सगळे वेळेत उंचावर गेले.

एक गोष्ट मात्र वहीत नव्हती. तिसऱ्या दिवशी पहाटे तंबूच्या कापडावर काहीतरी घासल्याचा आवाज आला. दिवा लावून चेन दोन बोटे उघडली, तर बाहेर चांगली हातभर लांब घोरपड आमच्या चिवड्याच्या पिशवीचा बंद जिभेने चाचपत होती. लेक अजिबात घाबरली नाही. मी पिशवी आत ओढली, घोरपडीने मान वळवून आमच्याकडे पाहिले आणि ती सावकाश पानांतून निघून गेली. त्यानंतर खाण्याचे सगळे सामान झाकणाच्या डब्यात घालून भोजनालयात ठेवायला देऊ लागलो. तिथे बहुतेक सगळे तसेच करतात, हे आम्हाला उशिरा कळले.

रात्री दहाला जनित्र बंद होते. त्याआधी फोन भारित करून घ्यायला भोजनालयातल्या एका फळीवर रांग लागते, म्हणून पॉवरबँक न्यावीच. ती विमानात हातातल्या सामानातच ठेवावी लागते.

विमान सोडून बोट, बस, प्रवेश, तंबू, जेवण, होड्या आणि खुराबुरीतल्या दोन रात्री मिळून तिघांचा खर्च साडेसतरा हजार बाथ झाला, म्हणजे पन्नास हजार रुपयांच्या आत. बोटीचे भाडे यातले सर्वांत मोठे कलम होते आणि तेच कमी करायला काही वाव नव्हता. परतल्यावर खुराबुरीत तिसऱ्या पाकिटात ३४० बाथ उरलेले सापडले. त्यांतून एका धोबिणीकडे खारट झालेले सगळे कपडे धुऊन घेतले, आणि बाकीच्यांची रस्त्यावरची तळलेली केळी खाल्ली.