मित्र गेल्यावर त्याचं कपाट

फोटो काढणारा माणूस गेला की पहिली अडचण येते हाराच्या फोटोची. हजारो फोटो काढलेल्या माणसाचा स्वतःचा धड फोटो घरात नसतो, कारण तो कायम कॅमेऱ्यामागे. मग फोन येतो त्याच्याबरोबर पहाटे उठून भटकणाऱ्या मित्राला. तेव्हा व्हॉट्सॲपवर फिरलेला फोटो पाठवू नका. तो बहुधा लांब बाजूला १६०० पिक्सेलच्या आसपास आक्रसलेला असतो. १२ × १५ इंचांच्या प्रिंटवर इंचाला जेमतेम १०७ पिक्सेल येतात आणि चेहरा मेणाचा दिसतो. तुमच्या डिस्कवरची मूळ फाइल शोधा. ६००० × ४००० च्या फ्रेममधून २८८० × ३६०० चा तुकडा निघाला तरी छान प्रिंट होते. डोक्यावर आणि दोन्ही बाजूंना जागा सोडा, हारात कडा झाकल्या जातात. कागद मॅट घ्या. चकचकीत कागदावर वरून काच म्हणजे समईच्या उजेडात नुसती चमक.

कपाटाचं काम तेराव्यानंतर. वहिनींना मात्र आधीच सांगून ठेवावं, की कॅमेरा, कार्ड, डिस्क, जुने डबे यातलं काही प्रती होईपर्यंत विकायचं नाही, कुणाला वापरायलाही द्यायचं नाही. भाचा कॅमेरा हातात घेतो, कार्ड भरलेलं दिसतं, फॉरमॅट करतो. त्यात त्याचा काही वाईट हेतू नसतो. एसडी कार्ड काढलं की कडेची बारीक कळ लॉककडे सरकवायची, मगच कॉपी. पुसले गेलेले फोटो फोटोरेक हा मोफत प्रोग्राम बरेचदा परत आणतो, पण त्यानंतर कार्डावर नवीन काही लिहिलं गेलं नसेल तरच. कॅमेऱ्यातली बॅटरी काढून ठेवा. डिस्कच्या दोन प्रती करा, त्यातली एक दुसऱ्या घरी.

तो लाइटरूम क्लासिक हा फोटो एडिट करायचा प्रोग्राम वापरत असेल तर नुसत्या रॉ, म्हणजे कॅमेऱ्यातल्या मूळ कच्च्या फाइली उचलून भागत नाही. त्याचं एडिटिंग, दिलेले तारे, कीवर्ड हे सगळं कॅटलॉगच्या फाइलमध्ये असतं. ती राहून गेली तर हाती लागतो तो कच्चा माल. वर्गणी संपली तरी फोटो पाहता येतात, एक्स्पोर्टही होतात. डेव्हलप (म्हणजे एडिटिंगचा भाग) आणि मॅप ही मॉड्यूलं तेवढी बंद पडतात.

कॅमेऱ्याचं घड्याळ ही फार थोड्यांच्या लक्षात येणारी भानगड. आतली छोटी बॅटरी उतरली की तारीख कित्येक वर्षं मागे जाते. एरवीही घड्याळ हळूहळू सरकत राहतं. हे दुरुस्त करायला बरोबर फिरलेला मित्रच लागतो. दोघांनी एकाच क्षणी टिपलेली गोष्ट शोधायची: फलाटात शिरणारी लोकल, पाण्याला टेकलेली मूर्ती, पंख उघडलेला बगळा. तुमच्या फाइलवर ६:४२:१०, त्याच्या फाइलवर ५:५५:०४, म्हणजे त्याचा कॅमेरा ४७ मिनिटं ६ सेकंद मागे. त्या भटकंतीतल्या त्याच्या सगळ्या फाइली तेवढ्या पुढे सरकवायच्या. फाइलीतली तारीख-वेळ बदलणाऱ्या एक्झिफटूल या प्रोग्रामने हे एका आदेशात होतं, पण प्रतींवरच करा, आणि फरक प्रत्येक भटकंतीसाठी नव्याने काढा. तुमचंही घड्याळ चुकलेलं असू शकतं, त्यामुळे त्या दिवशी मोबाइलवर काढलेला एखादा फोटो पडताळ्याला घ्या. मग दोघांच्या फाइली वेळेप्रमाणे एका फोल्डरमध्ये लावल्या की दिसतं, तुम्ही देवळाच्या शिखरावर फोकस करत होतात तेव्हा तो पायरीवरच्या चपलांकडे वळला होता. इथे रडू येतं. येऊ द्या, फाइलींची नावं मात्र बदलू नका.

निगेटिव्हचे डबे हलवण्याआधी जसे आहेत तसे मोबाइलवर टिपून घ्या, पाकिटांवरच्या त्याच्या अक्षरासकट. निगेटिव्ह ठेवायच्या पीव्हीसीच्या जुन्या पारदर्शक बाह्या (स्लीव्ह) फिल्मला चिकटतात, पॉलिप्रॉपिलिनच्या घ्या. आंबट, व्हिनेगरसारखा वास येणारे रोल ताबडतोब वेगळे काढा. कोकणात किंवा मुंबईत फंगस, म्हणजे बुरशी असणारच, पण फंगस लागलेली निगेटिव्ह पाण्याने धुऊ नका. बुरशीने जिलेटिन विरघळण्याजोगं केलेलं असतं. पाणी लागलं की चित्रच निघून येतं.

आता निवड. इथे माझं मत थोडं कडक आहे: पहिलं वर्षभर निवडूच नका, सगळं क्रमाने स्कॅन करा. अमेरिकन छायाचित्रकार गॅरी विनोग्रँड १९८४ मध्ये गेला तेव्हा सुमारे २५०० रोल धुवायचेच राहिले होते. त्यातलं चांगलं कोणतं हे दुसऱ्यांनी ठरवलं, आणि तो वाद अजून मिटलेला नाही. प्रदर्शन किंवा पुस्तक करायचंच असेल तर वारसांची लेखी परवानगी घ्या. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्राचे हक्क छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतात. निगेटिव्ह तुमच्या हातात आहे म्हणून हक्क तुमचा होत नाही. शिकागोच्या व्हिव्हियन मायर या छायाचित्रकार बाईच्या निगेटिव्ह २००७ मध्ये सामान ठेवलेल्या गोदामाचं भाडं थकल्यामुळे लिलावात गेल्या, ती २००९ मध्ये वारली, आणि पुढे वारस कोण यावर कोर्टात भांडण लागलं.

फिल्म कॅमेऱ्याची पाठ उघडू नका. रिवाइंडची कडी बाणाच्या दिशेने हलकेच फिरवून पाहा. ताण लागला तर आत रोल आहे. तळाचं बटण दाबून, ताण सुटेपर्यंत गुंडाळा. रंगीत निगेटिव्ह असेल तर धुण्याची प्रक्रिया सी-४१, म्हणजे ३८ अंश सेल्सिअस तापमान आणि डेव्हलपर या रसायनात ३ मिनिटं १५ सेकंद. फार जुना रोल धुरकट येणार हे धरून चला. कोडाक्रोम, म्हणजे कोडॅकची जुनी रंगीत स्लाइड फिल्म निघाली तर ती आता फक्त कृष्णधवलच धुता येते, तिची रंगीत प्रक्रिया करणारी शेवटची लॅब २०१० च्या अखेरीस थांबली. ३६ फ्रेमच्या रोलचा काउंटर २२ वर असेल तर उरलेल्या १४ फ्रेम तुम्ही काढून संपवू नका. लॅबवाल्याला चिठ्ठी लिहून द्या: पट्टी कापू नये, कोऱ्या भागासकट परत द्यावी.