ग्रेट माल्व्हर्न: खांबांची डोकी अखेर जमली

मंडळी, इंग्लंडमधल्या ग्रेट माल्व्हर्न रेल्वे स्टेशनचं छोटं मॉडेल करतोय, त्याच्या खांबांची शीर्षं (वरची नक्षीदार डोकी) मी थ्रीडी प्रिंटरवर द्रव रेझिनचे थर घट्ट करत छापतो. काल रात्री साडेअकराला प्रिंटरची प्लेट वर आली आणि नऊच्या नऊ शीर्षं अखंड निघाली! एकही पान तुटलेलं नाही.

मागच्या वेळी बऱ्याच जणांनी विचारलं होतं, की एकच शीर्ष करून बाकीची साच्यातून का ओतत नाही? ओतली असती, पण मग ते ग्रेट माल्व्हर्न राहिलं नसतं. वास्तुविशारद एल्म्स्लीने १८६२ मध्ये उभारलेल्या या स्टेशनच्या छताखालचे लोखंडी खांब नीट बघा. शिल्पकार विल्यम फॉर्सिथने घडवलेल्या त्यांच्या शीर्षांवर पानं-फुलं-फळं आहेत आणि प्रत्येकावरची मांडणी वेगळी आहे. बर्मिंगहॅमला ताईकडे गेलो होतो तेव्हा थेट गाडीने तिथे जाऊन एकेका खांबाचे फोटो काढले, ते याचसाठी.

अडचण होती पानांच्या टोकांची. डबल ओ मापात (खऱ्याच्या साधारण १/७६) शीर्ष जेमतेम सात मिलिमीटरचं. पान वर चढतं, बाहेर वळतं आणि टोक खाली झुकतं. शीर्षाची खांबाकडची बाजू प्लेटला लावून छापलं, की ते टोक आधी अधांतरी सुरू होतं, म्हणून सपोर्ट (छापलेली आधाराची काडी) लागतो. सपोर्ट काढताना पानही हातात येतं. थर ०.०५ वरून ०.०३ मिलिमीटरवर आणले, सपोर्ट बारीक केले, तीन आठवडे गेले.

उपाय साधा निघाला: शीर्ष उलटं करायचं. वरची चौकट थेट प्लेटवर, मग पान वळणापासून टोकाकडे वाढत जातं आणि सपोर्टच लागत नाही. पहिले थर फुगतात, म्हणून चौकट अर्धा मिलिमीटर जास्त जाड ठेवली आणि नंतर घासली. तसाही तो भाग तुळईखाली झाकला जातो. पाण्याने धुता येणारं रेझिन मात्र अशा कामाला घेऊ नका, माझ्याकडे तरी ते फार ठिसूळ निघालं. आणि पुण्यातल्या डिसेंबरच्या पहाटे रेझिनची बाटली आधी कोमट पाण्यात ठेवा.

आता गाड्या. लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनहून येणारी पाच डब्यांची ‘क्लास ८००’ गाडी हवी होती, पण २६ मीटरचा डबा आपल्या मापात ३४ सेंटिमीटर, म्हणजे गाडीच १.७ मीटरची. माझा मॉडेलचा बोर्ड आठ फुटी, त्याचा दोन-तृतीयांशाहून जास्त भाग तीच व्यापेल. तेव्हा आधी वेस्ट मिडलंड्स रेल्वे कंपनीची बर्मिंगहॅम–हेरफर्ड लोकल, दोन डब्यांची.

हे लिहिता लिहिताच सुचलं: बोर्डाची पुढची कड कापून ‘वर्म’ उघडा दाखवला तर? फलाटापासून इंपीरियल हॉटेलात जाणारा तो पन्हाळी पत्र्याचा बंदिस्त रस्ता. हॉटेलही एल्म्स्लीचंच, आता तिथे शाळा आहे. पाणी-उपचारासाठी माल्व्हर्नला येणारे पाहुणे पावसात न भिजता खोलीपर्यंत पोचायचे. ०.३ मिलिमीटरचा पत्रा पन्हाळी करायचा रोलर कुणाकडे आहे का? रंगकाम त्यानंतर.