दगड वर, माणसं खाली

लिव्हरपूलला राहणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी वेल्समधलं लिन केलिन हे धरणाचं तळं बघायला हवं असं मला मनापासून वाटतं. बाला गावाच्या पुढे रस्ता तलावाच्या काठाकाठाने जातो, चहूकडे हिरवे डोंगर, आणि पाण्याखाली कॅपेल केलिन नावाचं अख्खं गाव. शाळा, पोस्ट, घरं, त्यांचं चॅपेल, सगळंच. लिव्हरपूलला पाणी हवं होतं म्हणून 1957 ला लंडनच्या संसदेत कायदा करून घेतला, वेल्सच्या एकाही खासदाराने बाजूने मत दिलं नाही तरी पास झाला, आणि 1965 ला धरण सुरू. त्याआधी 1956 मध्ये गावकरी पोराबाळांसकट इथे लिव्हरपूलमध्ये मोर्चा घेऊन आले होते, कुणी ऐकलं नाही. महापालिकेने माफी मागितली ती थेट 2005 ला!

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते दफनभूमीचं. थोडे मृतदेह उकरून दुसरीकडे नेऊन पुरले, बाकीचे तिथंच ठेवले, वरचे दगड काढले, काँक्रीट ओतलं आणि त्यावर पाणी चढलं. ते दगड आता काठावर आहेत, जुन्या चॅपेलचेच दगड वापरून बांधलेल्या छोट्या स्मारकापाशी. आई ठाण्याहून आलीये, तिला घेऊन गेले होते. वेल्श कुठलं वाचता येणार, ती नुसती वाकून सालं वाचत होती, मग एका दगडावर हात ठेवून म्हणाली, "अगं, म्हणजे दगड इथे आणि माणूस तिथे खाली?" मला काही बोलताच येईना.

जवळच अजून एक पाटी आहे, क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची. 17व्या-18व्या शतकात ते इथल्या एका शेतघरात प्रार्थनेला जमायचे, त्यांचीही लहानशी दफनभूमी होती, तीही पाण्यात. इथलेच बरेच जण पुढे पेनसिल्व्हेनियाला गेले.

या धरणाचं पाणी पाइपने येत नाही बरं का, नदीत सोडतात आणि खूप खाली डी नदीतून उचलतात. अगदी आपल्या भातसासारखं, धरण शहापूरला आणि पाणी उचलायचं पिसे बंधाऱ्यावर. आपल्या ठाण्याच्या नळाला तेच येतं ना.

शहापूरकडचं कुणी वाचत असेल तर प्लीज सांगा, भातसात तुमचं गाव गेलं तेव्हा गावदेवी कुठे नेली, आणि जुन्या गावाची स्मशानाची जागा दाखवू शकेल असं घरात कुणी आहे का अजून?